यूव्ही बॉक्स बदलण्याआधी वेळ तपासा

घरी बनवलेल्या यूव्ही (अतिनील) एलईडी बॉक्समधून काढलेल्या सर्किट बोर्डावर (पीसीबी) बारीक रेघा डेव्हलप करतानाच, म्हणजे सोड्याच्या द्रावणात धुतानाच निघून जातात, अशी एकाची तक्रार आहे. एलईडी बदलायची घाई करू नका, मला तरी दोष एक्स्पोजरच्या (बोर्डावर प्रकाश टाकण्याच्या) वेळेतच दिसतो. बोर्डाच्या एका तुकड्यावर ड्राय फिल्म (यूव्ही प्रकाशाने कडक होणारी पातळ फिल्म) चढवा, वर पुठ्ठा ठेवा, प्रकाश चालू करा आणि दर १० सेकंदांनी तो थोडा थोडा सरकवत जा. सगळ्या वेळा एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी दिसतात. प्रकाश कमी पडला की फिल्म मऊ राहून सुटते, जास्त झाला की रेघांमधल्या फटी बुजतात.

प्रिंटची (सर्किटचा नकाशा छापलेल्या पारदर्शक कागदाची) टोनरची बाजू फिल्मला टेकलेली हवी, आणि वर काचेचा दाब. नाहीतर प्रकाश तिरका आत शिरतो. डेव्हलपरसाठी धुण्याचा सोडा, लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम. त्यात बोर्ड टाकण्याआधी फिल्मवरचं प्लास्टिकचं पातळ आवरण सोलायला विसरू नका.

एचिंगच्या (नको असलेलं तांबं विरघळवण्याच्या) टाकीत हवेचा पंप लावणार असाल तर झाकण हवंच, बुडबुड्यांमुळे त्यातल्या फेरिक क्लोराइडचे तुषार उडतात. आणि वापरलेलं द्रावण कृपया मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं.