चिखलणी सोडावी का? नांगर, युरिया आणि भातामागचा वाल

माणगावचा_परळकर

राहायला परळला, शेत माणगाव तालुक्यात. दोन एकर खाचर, जांभ्याची तांबूस माती. धाकटे काका कसतात, मी लावणीला आणि कापणीला रजा टाकून जातो. खरिपात भात, मागच्या ओलीवर कडवे वाल. भात एकरी तेरा-चौदा क्विंटलवर अडकलंय, आणि वाल दर वर्षी कमीच होत चाललाय. पोपटी (मडक्यात शेंगा भाजायचा बेत) लावायला पुरतील इतक्या शेंगा निघतात, विकायला काही उरत नाही.

मार्चमध्ये गेलो तेव्हा वालाच्या ओळीलगत खड्डा खणला. जेमतेम वीतभर खाली गेल्यावर कुदळ उडायला लागली. वालाची सोटमुळं त्या कठीण थराला भिडून काटकोनात आडवी वळली होती. दोन-तीन झाडं उपटली, सगळ्यांची तीच तऱ्हा. फोटो काढून काकांना दाखवला. ते म्हणाले, "जमीनच तशी आहे आपली."

मला ते पटत नाही. ही जमीन आपणच अशी केली आहे. चिखलणीत, म्हणजे लावणीआधी पाणी साचवून माती कालवताना, मातीचे कण फोडायचे, बारीक गाळ खाली बसू द्यायचा, वरून पॉवर टिलर फिरवायचा. हे पन्नास वर्षं केलं की खाली फरशी तयार होणारच. भाताला ती हवी असते, कारण पाणी वर थांबतं. पण भातासाठी जी माती मुद्दाम मोडतो, तीच चार महिन्यांनी वालाच्या हाती देतो आणि म्हणतो, आता घाल मुळं खाली.

माझं मत: या पावसाळ्यापासून चिखलणी बंद. गादीवाफे (उंच केलेले वाफे) करायचे, भात टोकायचं, कापणीनंतर धसकटं तशीच ठेवून वाल पेरायचा. काकांचा विरोध आहे: "चिखल नाही तर भात नाही. गवत खाऊन टाकेल." खतांचंही ठरवायचंय. सध्या एकरी दोन पोती युरिया आणि एक सुफला १५:१५:१५ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १५ टक्के). कोणी केलं असेल त्यांनी सांगा, आणि पटत नसेल तर तेही सांगा.

कृषी_पदवीधर_ठाणे

पटत नाही, म्हणून लिहितो. मी कृषी पदवीधर आहे. नोकरी फोर्टात बँकेत असली तरी शेतीकर्जाच्या फायलींमुळे मातीशी संबंध तुटलेला नाही.

तुमचे काका चुकीचे नाहीत. चिखलणीने तीन कामं होतात. जांभ्याच्या मातीतून पाणी चाळणीसारखं निघून जातं, ते थांबतं. पाण्याखाली पाखडासारखी तणं दबतात. तिसरं काम फारसं कोणी सांगत नाही: आम्लधर्मी जमिनीत पाणी साचून राहिलं की तिचा सामू (पीएच) वर सरकून उदासीनच्या जवळ येतो, आणि लोहाने जखडून ठेवलेलं स्फुरद सुटतं. कोकणच्या मातीत स्फुरद असतं पण पिकाला मिळत नाही. साचलेलं पाणी ते फुकटात देतं. गादीवाफ्यावर हा फायदा सोडावा लागेल.

आणि "नांगर सोडा, उत्पन्न वाढेल" असं जे पसरवलं जातं, त्याला आकडे साथ देत नाहीत. २०१५ साली 'नेचर'मध्ये एक मोठा आढावा आला: ६१० अभ्यास, ४८ पिकं, ६३ देश. शून्य मशागतीत उत्पन्न सरासरी ५.७ टक्क्यांनी घटलं. दोन एकरवाल्या माणसाला ही घट कोण भरून देणार?

कर्जत_लोकलवाली

दादा, तुम्ही त्या आढाव्याचा अर्धा भाग सांगितलात. उरलेला मी सांगते. फक्त नांगर सोडला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, की घट जास्त. पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवले आणि फेरपालट केली, की घट बरीच कमी होते. कोरड्या हवामानातल्या जिरायती शेतीत तर या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर उत्पन्न ७.३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. कोकण कोरडं नाही, हे मान्य. पण "शून्य मशागत म्हणजे घट" असं तो आढावा म्हणत नाही.

आता माझा अनुभव. सासर कर्जत तालुक्यात, नवरा आणि मी दोघं मुंबईत नोकरीला, शनिवार-रविवार शेतावर. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी रुजवलेलं सगुणा राईस तंत्र आम्ही पाच वर्षांपूर्वी एका एकरावर धरलं. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने २५ सेंटीमीटरवर भोकं पाडून बियाणं टोकायचं, पुढे ना चिखलणी, ना राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जागा भाजणं), ना लावणी. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची.

पहिल्या वर्षी आम्ही मार खाल्ला, हे लपवत नाही. शेजाऱ्यांपेक्षा तीन-चार क्विंटल कमी आलं. पण कारण वाफे नव्हते, आमचं खत होतं. चिखलात आपण युरिया फोकतो तसाच वाफ्यावर फोकला. वर जुना पेंढा, त्यावर युरियाचे दाणे, मध्ये चार दिवस पावसाची उघडीप. नत्र अमोनिया होऊन हवेत गेलं, नाकाला वास येत होता. वर कुजणाऱ्या पेंढ्यानेही आपला वाटा उचलला, कारण पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र आधी लागतं. भात पिवळं पडलं आणि गाव म्हणालं, चिखल न करण्याचं फळ.

दुसऱ्या वर्षापासून युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या ब्रिकेट वापरल्या. चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध एक गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल. हे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीतलं सूत्र आहे, ते चिखलातल्या लावणीसाठी होतं, आम्ही वाफ्यावर आणलं. कडक जागी बोट जात नाही, काठीने भोक पाडावं लागतं, वेळ जातो. पण भात हिरवं राहिलं. आता भात शेजाऱ्यांच्या बरोबरीने येतं आणि वाल त्यांच्यापेक्षा बरा. म्हणून धागाकर्त्यांना एकच सांगते: मशागत बदललीत आणि खत टाकायची रीत जुनीच ठेवलीत तर पस्तावाल, आणि दोष उगाच वाफ्यांना द्याल.

मातीमाय_दादर

ताई, कापणीनंतर धसकटं मारायला काय वापरता? ग्लायफोसेटच ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला "मानवात बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. नांगर सोडून तणनाशक धरणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. गांडूळ वाचवायचे म्हणून नांगर थांबवायचा आणि मग त्याच जमिनीवर फवारा मारायचा, हे माझ्या मनाला पटूच शकत नाही.

आणि परळकर, मूळ प्रश्न नांगराचा नाहीच, युरियाचा आहे. ४५ किलोचं पोतं सरकारी दराने २६६ रुपयांना मिळतं, डीएपीचं पोतं १३५० ला. युरिया २०१० च्या पोषणद्रव्य-आधारित अनुदान योजनेबाहेर ठेवला गेला आणि स्वस्तच राहिला, म्हणून हात त्याच्याकडेच जातो. आपल्या आजोबांच्या वेळी खाचरात शेणखत, गिरिपुष्पाचा पाला, राखुंडी पडत होती. ते परत आणा. माती भुसभुशीत झाली की तुमची ती फरशी आपोआप फुटेल.

कृषी_पदवीधर_ठाणे

मातीमाय, शेणखताला माझा विरोध नाही, हिशेबाला धरून बोला एवढीच विनंती. भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी ४०. युरियात ४६ टक्के नत्र, तेव्हा दोन पोत्यांत ते भागतं. चांगल्या शेणखतात टनाला साधारण पाच किलो नत्र. म्हणजे आठ टन शेणखत, एका एकराला, दर वर्षी. त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते थोडंच, बाकी पुढच्या वर्षांत हळूहळू. माणगावात आज कुणाच्या गोठ्यात इतकी गुरं आहेत? विकत आणायचं तर नाकापेक्षा मोती जड.

एका फटक्यात रासायनिक खत बंद केल्यावर काय होतं, ते श्रीलंकेने दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये बंदी जाहीर, नोव्हेंबरमध्ये मागे, आणि तोवर भाताचा हंगाम हातचा गेला. भात पिकवणाऱ्या देशाला तांदूळ आयात करावा लागला.

इंग्लंडात रॉथॅमस्टेडला ब्रॉडबॉकच्या शेतात १८४३ पासून गव्हावर प्रयोग चालू आहे. एका पट्ट्यात नुसतं शेणखत, दुसऱ्यात नुसतं रासायनिक. दीडशेहून अधिक वर्षांनीही पुरेसं रासायनिक खत दिलेल्या पट्ट्याचं उत्पन्न शेणखताच्या तोडीचं येत राहिलं. जमीन "मेली" असती तर हे झालं नसतं.

मातीमाय_दादर

आता अर्धा भाग तुम्ही सोडलात. त्याच ब्रॉडबॉकमध्ये शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब रासायनिक पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे. तिथे पाऊस सौम्य, माती भारी. आपल्याकडे जूनमध्ये एका रात्रीत दोनशे मिलिमीटर कोसळतो, ती माती धरून ठेवणारा कर्बच लागतो.

आणि आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून चालू आहेत. हिमाचलातल्या पालमपूरला, आम्लधर्मी मातीत, वर्षानुवर्षं नुसतं नत्र दिलेल्या तुकड्यात मका आणि गहू येणंच बंद झालं. अक्षरशः शून्य. कोकणची माती आम्लधर्मीच आहे. याच्यावर बोला.

कृषी_पदवीधर_ठाणे

बोलतो. पालमपूरचं उदाहरण खरं आहे आणि ते मला मान्य आहे. पण ते *नुसत्या* नत्राविरुद्ध आहे. त्याच प्रयोगमालेत सर्वांत टिकाऊ उत्पन्न देणारी जोडी आहे नत्र-स्फुरद-पालाश अधिक शेणखत. म्हणजे तुमचं शेणखत आणि माझं पोतं, दोन्ही. परळकरांच्या खाचरात पोत्यामागून पोतं युरिया आणि त्यामानाने स्फुरद-पालाश नावापुरतं, हे मला आधीच खटकलं होतं. एका सुफलातून दोन्ही जेमतेम साडेसात किलो मिळतात, शिफारस एकरी वीस-वीस किलोची आहे. वाल घटण्यात फरशीइतकाच याचाही वाटा असू शकतो. कडधान्याला स्वतःचं नत्र गाठींतून मिळतं, पण गाठी धरायला स्फुरद लागतं.

वऱ्हाडी_डोंबिवली

तुमचं सगळं भातावर चाललंय. माझी जमीन अकोला जिल्ह्यात, काळी कसदार, कापूस-सोयाबीन-हरभरा. नांगर सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा कुंदा आणि हरळी माजलेलं शेत बघावं. खोल उन्हाळी नांगरट आणि मे महिन्याचं ऊन, याशिवाय त्या तणांच्या काशा (जमिनीखालची खोडं) मरत नाहीत. गुलाबी बोंडअळी आणि हुमणीचे कोषही नांगरटीने उघडे पडतात, मागे बगळ्यांची रांग लागते. सरसकट "नांगर नको" हे आमच्याकडे चालणार नाही.

पण एक कबूल करतो. तीन वर्षांतून एकदा नांगरट पुरते, आणि आम्ही दर वर्षी करतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून स्वतःची स्वतः उलथते, तिला आपली इतकी गरज नसते. त्याहून वाईट रोटाव्हेटर. वरचे चार इंच पिठासारखे, खाली दगड. पहिल्या मोठ्या पावसात ते पीठ नाल्यात. बाबांच्या वेळी वखराच्या दोन पाळ्या असायच्या आणि ज्वारीचा बेवड (आधीच्या पिकाचा पुढच्याला फायदा) असायचा. ज्वारी गेली तशी जमिनीतली धसकटं गेली. सोयाबीनवर हरभरा, पुन्हा सोयाबीन, याला मी फेरपालट म्हणत नाही. हरभऱ्याला मर लागते ती उगाच नाही. यंदा चार एकरांत ज्वारी आणि तूर परत घेतोय. भाऊ म्हणतो, ज्वारीला पाखरं लागतात आणि भाव नाही. खरं आहे ते. तरी घेतोय.

वसईची_वाडी

आमच्याकडे भाजीचे वाफे, सगळं कुदळीने. एवढंच सांगते, ओल्या मातीत पाय घालू नका. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी होईपर्यंत, थांबा. आजी वाफ्यात उतरूच द्यायची नाही. ट्रॅक्टर भाड्याचा असला की तो त्याच्या वेळेने येतो, वाफसा बघून येत नाही. अर्धं नुकसान तिथेच होतं.

कर्जत_लोकलवाली

मातीमाय, ग्लायफोसेटचा प्रश्न टाळत नाही. पहिली दोन वर्षं मारलं. आता कापणी जमिनीलगत करतो आणि लगेच वाल टोकतो, तण हाताने आणि कोळप्याने. एका एकराला जमतं, दहा एकरवाल्याला नाही जमणार. आणि चिखलणी बंद केली की पहिल्या वर्षी तण उसळतंच, परळकरांच्या काकांची भीती खरी आहे. उगवणीनंतर पंचवीस-तीस दिवस डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. मुंबईत बसून ते होत नाही, शेतावर माणूस हवा.

मातीमाय_दादर

ताई, हाताने काढता हे वाचून बरं वाटलं. युरियाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

माणगावचा_परळकर

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री फोनवर काकांना वाचून दाखवले. पालमपूरचं दोनदा वाचायला लावलं त्यांनी. "म्हणजे नुसता युरिया टाकून आपण तेच करतोय," एवढं म्हणाले आणि गप्प झाले.

दोन एकर एकदम बदलायचा हट्ट मी सोडला. वरच्या अंगाची वीस गुंठे, जिथे पाणी तसंही थांबत नाही, तिथे गादीवाफे. खालच्या खाचरात काका नेहमीप्रमाणे चिखलणी करतील. खत दोन्हीकडे सारखंच: युरिया एक पोतं कमी, त्याजागी ब्रिकेट, स्फुरद-पालाश माती तपासणीच्या निकालाप्रमाणे, आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला. खतही वेगळं ठेवलं तर फरक कशाचा, ते कळणार नाही. शेणखत आमच्या दोन म्हशींचं, ते वीस गुंठ्यांनाही पुरणार नाही, म्हणून दोन्हीकडे निम्मं निम्मं.

तण काढायला काकी आणि शेजारच्या दोघी तयार आहेत, पण काकी म्हणाल्या, महिनाभर दर शनिवारी तूही यायचंस. कबूल केलंय. दिव्याहून सुटणारी गाडी आणि पुढे एसटी, रजा लागणार नाही.

कर्जतच्या ताई, साचा तुमच्याकडे भाड्याने मिळेल का? रोहिणी लागायच्या आत वाफे पाडून ठेवायचे आहेत.

कर्जत_लोकलवाली

भाडं नको, येऊन घेऊन जा. वाफे पाडायच्या आधी दोन्ही तुकड्यांत एक-एक खड्डा खणून फरशी किती इंचांवर आहे ते लिहून ठेवा. मार्चमध्ये वाल उपटलात की त्याच जागी परत खणा, आणि इथे मुळांचे फोटो टाका.