मदत हवी आहे: ही देवाची खूण समजायची का?

नमस्कार मंडळी. दोन हंगाम मी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) संध्याकाळी मुलांना शिकवते. हे काम देवानेच हाती दिलंय असं मनापासून वाटतं. पण घरातून विरोध आणि पैशाची ओढाताण, म्हणून संक्रांतीनंतर थांबायचं ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात, ओळख ना पाळख, एक किराणा दुकानदार काका पोतं घेऊन आले. पंचवीस पाट्या, पेन्सिलींचे डबे आणि वर सोलरचा कंदील. "पोरांचे पाढे दुकानापर्यंत ऐकू येतात. बंद करू नका, ताई." एवढंच बोलले. मला रडूच आलं.

पंडिता रमाबाई आठवल्या. १८८७ मध्ये बोस्टनच्या परक्या लोकांनी त्यांना दहा वर्षं मदतीचा शब्द दिला आणि १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवा-मुलींची शाळा उघडली. पुढे विरोध झालाच, पण काम थांबलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला अशी अवचित साथ मिळालीय का? त्यावर विसंबून पुढे गेलात का? घरच्यांना कसं समजावलंत? आणि पहिली-दुसरीची जुनी पुस्तकं कुणाकडे असतील तर प्लीज कळवा. हंगाम संपला की मुलं गावी जातील.