अंगकोरला जाताना: सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-२०४ (काका): नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण जानेवारीत कंबोडियाला, सिएम रीपला निघतोय. तिथलं अंगकोर वाट मंदिर बघायचं माझ्या मनात कॉलेजपासून आहे. ग्रुपमधलं कुणी जाऊन आलंय का? फसवणुकीचे किस्से ऐकून सौ.ने धास्ती घेतलीय.

सी-६०१ (वहिनी): काका, आम्ही मागच्या वर्षी पाच दिवस होतो. काकूंना सांगा, गाव घाबरण्यासारखं अजिबात नाही. मी आणि लेक रात्री नऊ-दहाला बाजारातून चालत हॉटेलवर यायचो. तिथे पैसे जातात ते चोरीत नाही, आपल्या दयेपोटी आणि श्रद्धेपोटी जातात. आमचेही गेले. पोळ्या आटोपून सविस्तर लिहिते.

ए-१०३ (दादा): तोवर मी व्हिसाचं सांगतो. शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या साइटवर अर्ज भरू नका. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट आहेत, त्या भरमसाट ‘सेवाशुल्क’ लावतात. पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट केएच’ने संपतोय का ते बघा. पोहोचण्याआधी ई-अरायव्हलचा, म्हणजे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

बी-२०४ (काका): बँकॉकहून रस्त्याने जावं असा एक विचार होता.

ए-१०३ (दादा): नको काका. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली, नाके बंद झाले. विमानच धरा. तो रस्ता सुरू होता तेव्हाही पॉइपेटच्या नाक्यावर खोटी व्हिसा ऑफिसं थाटून लोकांना लुबाडायचे.

सी-६०१ (वहिनी): आले. आधी विमानतळ. जुना गावाला लागून होता, ऑक्टोबर २०२३ पासून नवा सुरू झालाय तो चाळीसेक किलोमीटर लांब आहे. त्यामुळे गाडी हॉटेलकडूनच ठरवून घ्या. गावात फिरायला पासअ‍ॅप किंवा ग्रॅब ही गाडी मागवायची अ‍ॅप वापरा, भाडं आधीच दिसतं. देवळांसाठी टुकटुक दिवसभराचं ठरवतात. ठरवताना कुठली देवळं, सूर्योदय धरून की सोडून, आणि पैसे एका गाडीचे की माणशी, हे तिन्ही बोलून घ्या. आमच्या पहिल्या टुकटुकवाल्याने संध्याकाळी ‘माणशी’ म्हणून तिप्पट मागितले. दुसरा मात्र सोन्यासारखा माणूस होता, लेकीची राहिलेली टोपी परत द्यायला हॉटेलवर आला.

डी-३०२: वहिनी, देवळांचं तिकीट किती? कुणी तरी स्वस्तात मिळवून देतो म्हणालं होतं.

सी-६०१ (वहिनी): स्वस्तात मिळतच नाही. एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तुमचा फोटो काढून तिकिटावर छापतात आणि देवळांच्या दारात तपासतात. म्हणून दुसऱ्याचं उरलेलं तिकीट विकणारा भेटला तर सरळ पुढे चला. अंगकोर एंटरप्राइजच्या तिकीट केंद्रावर किंवा त्यांच्याच साइटवर घ्या. काका, तुम्ही तीन दिवसांचं घ्या, ते दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतं, लागोपाठ जावं लागत नाही. गुडघ्यांचा विचार करून सांगतेय, तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत.

बी-२०४ (काकू): ह्यांच्याच फोनवरून लिहिते. श्रद्धेपोटी पैसे गेले म्हणालीस ते कसं गं?

सी-६०१ (वहिनी): काकू, अंगकोर वाट मुळात विष्णूचं मंदिर. बाराव्या शतकात राजा सूर्यवर्मा दुसरा याने बांधलं, पुढे बौद्ध झालं. पश्चिमेच्या प्रवेशद्वारात आठ हातांची मोठी विष्णुमूर्ती अजून उभी आहे. तिथले लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, फुलं-उदबत्त्या वाहतात. आपण इतक्या लांबून आलेलो, समोर विष्णू, हात आपोआप जोडले जातात. मी डोळे उघडले तेव्हा कुणी तरी माझ्या हातात पेटलेल्या उदबत्त्या दिल्या होत्या आणि मनगटाला लाल दोरा बांधत होतं. मग दहा डॉलर मागितले. देवासमोर घासाघीस करायची लाज वाटली, दिले. तुम्ही उदबत्ती हातात घ्यायच्या आधीच मान हलवून नको म्हणा. वाहायचंच असेल तर एक डॉलर स्वतः पेटीत टाका. हातात यादी घेऊन देणगी मागत फिरणारे ‘भिक्षू’ भेटले तर तेही खरे नसतात. खरे भिक्षू सकाळी अनवाणी भिक्षेला येतात, पैशासाठी पाठी लागत नाहीत.

आणि काकू, पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा कोरीव पट आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. त्याला निवांत अर्धा तास द्या. फसवणुकीच्या गप्पांत हे राहून जायला नको.

सी-६०१ (वहिनी): आता दुधाच्या डब्याचं. हे अजून मनातून जात नाही. पब स्ट्रीट या रात्री गजबजणाऱ्या रस्त्याजवळ एक कोवळी मुलगी कडेवर तान्हं घेऊन आली. म्हणाली, पैसे नकोत, बाळाला फक्त दूध हवंय. पैसे नकोत म्हटल्यावर संशय कुठून येणार? हात धरून एका दुकानात नेलं, नेमका मोठा डबा दाखवला. वीसच्या वर डॉलर झाले. माझे डोळे भरून आले होते. तासाभराने आइस्क्रीम घ्यायला त्याच दुकानात गेलो तर ती तोच डबा काउंटरवर परत देत होती. दुकानदार आणि ती पैसे वाटून घेतात, डबा पुन्हा फळीवर जातो. ते बाळ मात्र रात्री अकरापर्यंत तिच्या खांद्यावर तसंच निपचित पडून होतं.

बी-१०१ (आजी): ऐकवत नाही गं. पण समजा एखादं बाळ खरंच उपाशी असलं तर? परदेशात जाऊन आपण तोंड फिरवायचं का?

सी-६०१ (वहिनी): आजी, हाच प्रश्न मला रात्रभर छळत होता. दुसऱ्या दिवशी हॉटेलमधल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाहुणे डबे विकत घेऊन देतात म्हणूनच ते बाळ रात्री रस्त्यावर असतं. आपण घेणं थांबवलं तर त्याला झोपेच्या वेळी बाहेर काढायचं कारणच उरत नाही. देवळांपाशी पोस्टकार्ड विकणाऱ्या मुलांचंही तेच. शाळेच्या वेळेत ती आपल्यामागे धावतात कारण आपण घेतो.

तोंड फिरवू नका, द्यायची जागा बदला. अंगकोरच्या रस्त्यावरच कांथा बोफाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. बिएट रिश्नर या स्विस डॉक्टरांनी कंबोडियातली कांथा बोफाची हॉस्पिटलं उभी केली, सिएम रीपचं १९९९ मध्ये सुरू झालं. तिथे मुलांवर फुकट उपचार होतात. डॉक्टर स्वतः शनिवारी चेलो वाजवून पर्यटकांकडून निधी आणि रक्त गोळा करायचे. २०१८ मध्ये ते गेले, काम चालू आहे. तुमच्या अंगकोरच्या तिकिटातलेही दोन डॉलर त्या हॉस्पिटलांना जातात. आमच्या ह्यांनी तिथे रक्त दिलं. डब्याचं दुःख तिथे थोडं हलकं झालं.

बी-१०१ (आजी): मग माझ्याकडूनही काही पाठवते काकूंबरोबर.

ए-१०३ (दादा): अनाथाश्रम भेटीबद्दलही लिहा वहिनी. आमच्या टूरमध्ये ‘मुलांचा नाच’ म्हणून तो घातला होता.

सी-६०१ (वहिनी): तो काढून टाका. तिथल्या ‘अनाथाश्रमां’तल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून गरीब घरांतून मुलं आणून ठेवलेली. कंबोडिया सरकारनेच मग त्यांना घरी परत पाठवायला घेतलं. आपल्या नातवंडांच्या शाळेत कुणी अनोळखी माणसं फोटो काढायला घुसली तर चालेल का आपल्याला? मुलांचं कसब बघायचंच असेल तर फारेची सर्कस बघा. ती कलाकार मंडळी बाट्टंबांग शहरातल्या कलाशाळेतून तयार झालेली आहेत आणि तिकिटाचा पैसा त्या शाळेला जातो.

डी-३०२: तोनले साप तलावावर जायचंय का काका? तिथे आम्हाला बोटीतून एका दुकानाला लावलं. समोरच्या शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या म्हणाले, साठ डॉलर. घेतलं नाही तर नावाडी गप्प बसून राहतो, बोट हलवत नाही. आमच्या आईने हिशेब केला, हा तांदूळ गावातल्या बाजारभावाच्या कितीतरी वर आहे. शांतपणे ‘नाही’ म्हणत दहा मिनिटं बसून राहिलो, मग निघाला. तलाव मात्र बघाच, पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं आत येऊन तो कित्येक पट पसरतो. हॉटेलकडून पूर्ण पैसे ठरवूनच जा.

अजून एक, हे मी घरी पण उशिरा सांगितलं. नदीकाठी एक जोडपं भेटलं. कुठून आलात? पुणे? अरे, माझी बहीण पुढच्या महिन्यात पुण्यालाच शिकायला येतेय, आई फार काळजीत आहे, जरा घरी येऊन तिला धीर द्या. मी गेलो. जेवायला वाढलं. मग ‘काका’ आले, म्हणे कॅसिनोत पत्ते वाटतात, एक युक्ती शिकवतो. पत्ते टेबलावर आले तसा मी पोट दुखतंय म्हणून उठलो. पुढे काय होतं ते नंतर कळलं. एक श्रीमंत पाहुणा खेळायला येतो, सुरुवातीला तुम्ही जिंकता, मग कार्ड घासून पैसे आणायला लावतात. कुणाच्याही घरी जाऊ नका.

बी-२०४ (काका): बाप रे. बरं केलंस लिहिलंस. पैसे कोणते न्यायचे?

सी-६०१ (वहिनी): डॉलर सर्रास चालतात, पण नोट जराही फाटलेली नको. आपण ती कुणाला देऊ शकत नाही, आणि सुट्टे परत करताना नेमकी तीच हातात टेकवतात. तिथल्या तिथे बघा, ‘दुसरी द्या’ म्हणा, बदलून देतात. एक-पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. एका डॉलरहून कमी असलेले सुटे पैसे रिएलमध्येच परत मिळतात, तेव्हा हिशेब करून घ्या.

बी-२०४ (काकू): कपड्यांचं काही?

सी-६०१ (वहिनी): खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस उत्तम. आणि काकू, उद्या संध्याकाळी घरी येते. आमच्याकडचे रिएल उरलेत, इथे कोण बदलून देणार? तुम्हाला पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटलीला उपयोगी पडतील. आजींचं पाकीटही येताना घेऊन येते.