मदत हवी आहे: १ मेच्या दिनविशेषासाठी १९६० आधीच्या नोंदी

महाराष्ट्राचा १ मेचा दिनविशेष जुळवतोय. १९६० ची राज्यस्थापना सगळ्यांना पाठ. पुढे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया हे जिल्हे झाले. घोळ कायद्याच्या सालाने होतो: जिल्हा परिषद अधिनियम १९६१ चा, म्हणून नोंदही त्याच सालावर पडते. मी अंमल सुरू झाल्याचा दिवस धरतोय. सगळी यादी सरकारी, म्हणजे रुक्षच!

१९६० आधीचं काही आहे का कुणाकडे? फक्त १७५२ पूर्वीच्या इंग्रजी पत्रांतली तारीख तशीच उचलू नका, तेव्हाच्या जुन्या इंग्रजी कॅलेंडरमुळे ती आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवस मागे असते. मूळ कागदावरची तारीख आणि साल दोन्ही द्या.