सकाळी स्टीम सोडली की लाइन धडाधड वाजते (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

प्रश्न, डाईंग_प्रोजेक्ट: टॉवेल युनिटची नवी स्टीम लाइन आहे. बॉयलर 2 टनी (तासाला 2 टन स्टीम), दाब 7 किलो (चौरस सेंटिमीटरला). लाइन 100 एनबी (पाइपचा नाममात्र व्यास, मिमीमध्ये), शेड्यूल 40 (भिंतीची जाडी), लांबी 60 मीटर, मध्ये एक उभा एक्स्पान्शन लूप (तापून वाढणारा पाइप सामावून घेणारं वळण). दोन ट्रॅप (स्टीम अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) आहेत, दोन्हींचं कंडेन्सेट, म्हणजे स्टीमचं झालेलं पाणी, 4 मीटर वरच्या रिटर्न हेडरला (परतीच्या पाइपला) जातं. सकाळी मेन व्हॉल्व्ह उघडला की दहा मिनिटं हातोडे बसतात, दुपारी चिडीचूप. लूपजवळच्या फ्लँजचं गॅस्केट दोनदा गेलं. मालक म्हणतात, 150 ची लाइन टाका.

पाइपवाला: साइझला हात लावू नका. 2 टनाला 100 एनबीमध्ये वेग सेकंदाला 16 मीटरच्या आसपास येतो, 25 पर्यंत चालतो. उलट 150 मध्ये लोखंड जास्त, म्हणजे सकाळचं पाणीही जास्त.

तुमचा पाइप मीटरला 16 किलो, म्हणजे जवळपास 960 किलो लोखंड. ते 30 वरून 170 अंशांवर न्यायला साधारण 30 किलो स्टीमचं पाणी होतं. साडेतीन मीटर पाइप काठोकाठ भरेल एवढं! हे पाणी 4 मीटर चढायला ट्रॅपमागे अर्धा किलो तरी दाब हवा. सुरुवातीला तो नसतोच. पाणी लाइनीत साचतं, स्टीम त्याला ढकलत एल्बोवर आपटते. दुपारी दाब असतो, म्हणून आवाज नाही. प्रत्येक ड्रेन पॉकेटच्या (पाणी गोळा व्हायला लाइनीखाली लावलेल्या आखूड उभ्या पाइपच्या) तळाला 25 एनबी व्हॉल्व्ह लावून वॉर्मअपचं पाणी थेट खाली सोडा.

उतार_बघा: दुसरा गुन्हेगार तो लूप. उभ्या लूपच्या अलीकडे पाणी अडतं. आडवा करा, नाहीतर अलीकडे पॉकेट-ट्रॅप द्या. 60 मीटरची लाइन तापल्यावर सुमारे 100 मिमी वाढते. शू (पाइपखालचा, सपोर्टवर सरकणारा पाय) सपोर्टला वेल्ड करून टाकला असेल (फॅब्रिकेटर हे हमखास करतात), तर ती वाढ फ्लँजवर येते आणि गॅस्केट जातं. लेव्हल ट्यूबने उतारही मोजा: स्टीमच्या दिशेने मीटरला 10 मिमी. दोन सपोर्टमध्ये पोट पडलं असेल तर तिथेही पाणी थांबणारच.

बॉयलर_शिफ्ट: मेन व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. आधी सगळे ड्रेन उघडा, 25 एनबी बायपासने 15-20 मिनिटं तापवा. ड्रेनमधून कोरडी वाफ आली की ते बंद करून मेन हळूहळू उघडा. दुपारीही वाजायला लागली तर बॉयलरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघा. बोअरचं जड पाणी, सॉफ्टनर (पाणी मृदू करणारं यंत्र) मिठाच्या पाण्याने रिजनरेट केलेला नाही आणि ब्लोडाऊन (बॉयलरचं खारट पाणी बाहेर सोडणं) चुकला, की स्टीमबरोबर पाणीच येतं. आणि लाइन आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलरचे सरकारी नियम) येते. लूप कापायच्या आधी ड्रॉइंग मंजूर करून घ्या, वेल्डरही आयबीआरचाच.

डाईंग_प्रोजेक्ट: शू खरंच वेल्ड केलेले निघाले. लूपच्या अलीकडे 25 एनबीचा स्टब आहे, तिथेच ट्रॅप लावला तर?

पाइपवाला: नको. 25 च्या भोकावरून पाणी सरळ पुढे निघून जातं. पॉकेट लाइनएवढंच, 100 एनबी, खोली किमान 100 मिमी. ट्रॅपची लाइन पॉकेटच्या बाजूने काढा, तळाला गाळ बसतो.