मदत हवी आहे: व्हीलचेअरसकट वजन कुठे करता येईल?

नवऱ्याला डी१० पातळीवर (पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी) मज्जारज्जूची इजा आहे, कमरेखाली संवेदना नाही. हात मजबूत आहेत. पोट मात्र इतकं सुटलंय की पलंगावरून खुर्चीत सरकताना मांड्या फळीवर घासतात, माकडहाडापाशी कातडी लाल होते. ती डॉक्टरांना दाखवली आहे, उशी बदलली आहे. ते म्हणाले, पायांचे स्नायू झिजल्यामुळे अशा इजेत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ नव्हे, २२ च्या वर गेला तरी स्थूलपणा धरा, आणि दर महिन्याला वजन लिहून ठेवा.

पण करायचं कुठे? घरच्या काट्यावर उभं राहावं लागतं. भंगारवाल्याच्या काट्यावर खुर्चीसकट चढवलं, मग रिकाम्या खुर्चीचं वजन वजा केलं. पुढची चाकं काठावर येतात, आकडा दरवेळी वेगळाच.

भात निम्मा केलाय. लिंबू-मध आणि उपवास कृपया सुचवू नका, पोट साफ होण्याचं वेळापत्रक बिघडतं. परळला चाळीत पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, उचलून उतरवावं लागतं. त्यामुळे महिन्यातून एकच फेरी जमते.

परळ-दादर भागात रॅम्प असलेला काटा कुठे आहे? आणि हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत नुसतं वजन आणि आहारतज्ज्ञ यांसाठी ओपीडीत घेतात का?