कोरियन आडनावं: राजघराण्यापर्यंतचा माग कसा काढायचा?

केतकी१२: कोरियन आडनावांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचाय. 'सगळे किम अयोध्येच्या राजकन्येचे वंशज' असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. तसं लिहिलं तर चालेल?

रानजाई: अजिबात नको. आडनावाआधी 'पोन्ग्वान' विचारायचं, म्हणजे कुळाचं मूळगाव. आपल्याकडे एकाच आडनावाची घरं निरनिराळ्या गोत्रांची निघतात, तसंच. २०१५च्या जनगणनेत २१.५ टक्के लोक किम होते, पण त्यात किम्हे किम निराळे आणि ग्यॉंगजू किम निराळे. किम्हेवाले 'गाया' या प्राचीन कोरियन राज्याच्या सुरो राजाचे. आकाशातून सोन्याची सहा अंडी उतरली, त्यातून सर्वांत आधी बाहेर आला तो सुरो. राणी हॉ ह्वांग-ओक इ.स. ४८ मध्ये जहाजाने 'अयुता'हून आली, ती याच घरात. ग्यॉंगजूवाले 'शिल्ला' या दुसऱ्या प्राचीन राज्यातल्या आल्जीचे. तो रानात झाडाला अडकवलेल्या सोन्याच्या पेटीत सापडला, खाली पांढरा कोंबडा आरवत होता. दोघांचं चिनी अक्षर एकच, अर्थ 'सोनं'. घोळ होतो तो इथेच.

केतकी१२: आणि हॉ, पाक?

जुनीवही: दंतकथेनुसार राणीच्या दोन मुलांना आईचं आडनाव मिळालं, ते हॉ. म्हणून किम्हे किम आणि किम्हे हॉ यांच्यात परंपरेने सोयरीक होत नाही. पाकांचं सोपं आहे: मूळगाव मिर्यांग असो की दुसरं, सगळे मूळपुरुष म्हणून शिल्लाच्या ह्यॉक्कॉसेचंच नाव सांगतात. तो ज्या अंड्यातून निघाला ते भोपळ्याएवढं होतं आणि भोपळ्याला कोरियनमध्ये 'पाक' म्हणतात. 'पार्क' मात्र लिहू नका. मधला र फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहे, उच्चारात नाही. 'ली'सुद्धा सोलमध्ये 'ई' असतो.

रानजाई: एक राहिलं. अयुता म्हणजे अयोध्या, हे छातीठोक लिहू नका. राणीची गोष्ट 'सामगुक युसा'त येते आणि तो ग्रंथ तेराव्या शतकातला, घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला. शिवाय कोरियातल्या चोसन राजवटीच्या काळात बहुतेक गुलामांना आडनावच नसायचं, आणि त्या राजवटीच्या उत्तरार्धात वंशावळींत, म्हणजे 'चोक्बो'त, पैसे मोजून नाव घालून घेणारेही होते. त्यामुळे 'वंशज आहेत' ऐवजी 'वंशज मानतात' लिहा.

केतकी१२: 'मानतात'च लिहिते. शीर्षकातून अयोध्या काढली.